बंदिशीतली 'आली' म्हणजे कोण?
संगीत विद्यालयातल्या मुलांनी फक्त रियाज करावा, भाषा-साहित्य-इतिहासाचे तास म्हणजे वेळ वाया, हे काहींचं मत मला अजिबात पटत नाही. रियाजाला पर्याय नाही हे मान्यच. पण मी स्वतः चार वर्षं यमन रागातली 'एरी आली पिया बिन' ही बंदिश (रागात बांधलेलं गीत) गात होते आणि डोक्यात अर्थ मराठीच. 'आली', 'परत', 'घरी', सगळे शब्द ओळखीचे, त्यामुळे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. पुढे ब्रजभाषा, म्हणजे मथुरा-वृंदावनकडची भाषा जिच्यात अशा कितीतरी बंदिशी आहेत, ती शिकवणाऱ्या एका बाईंनी ओळ फोडून सांगितली: 'आली' म्हणजे सखी, 'कल न परत' म्हणजे चैन पडत नाही, आणि 'घरी' म्हणजे घटका. प्रियकराविना एकेक क्षण जड झालेली विरहिणी आहे ती! त्यानंतर 'घरी पल छिन दिन' हे शब्द मी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पोहोचायच्या घाईत उरकू शकले नाही. प्रत्येकावर थांबावंसं वाटलं, आणि बढत, म्हणजे रागाचा हळूहळू होणारा विस्तार, आपोआप बदलली.

आणि संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे? त्यांचं शिक्षण कायद्याचं, काही काळ वकिलीही केली. संस्कृत ग्रंथ वाचायची तयारी होती म्हणूनच ग्रंथांतले राग आणि उस्तादांच्या गळ्यातले राग यांतला फरक त्यांना नेमका दाखवता आला. आठवड्यातून एक तास ब्रजभाषेचा ठेवला, तरी ख्याल शिकणाऱ्या मराठी मुलांचं गाणं बदलेल असं मला मनापासून वाटतं. सुरुवात पाठ असलेल्या चिजांपासूनच (बंदिशींपासूनच) करावी.