मदत हवी आहे: सिलॅबस मानकांशी जुळवून झाला, तक्ता भरून झाला, पण नववीच्या गणिताचे मार्क जागचे हलत नाहीत

समभुज (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, मी आठवी ते दहावीला गणित शिकवते. मागच्या वर्षी आम्हा तिघांना काम मिळालं की सगळा कोर्स मानकांशी, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं त्या ठरलेल्या यादीशी, जुळवा. आम्ही सुट्टीतले पंधरा दिवस घालवून भलामोठा तक्ता केला, एका रकान्यात मानक, दुसऱ्यात पुस्तकातला धडा, तिसऱ्यात कुठल्या आठवड्यात शिकवणार ते. एकही रकाना रिकामा नाही, सगळीकडे टिक. मुख्याध्यापक खूश, तक्ता लॅमिनेट होऊन स्टाफरूममध्ये लागलासुद्धा.

आणि वर्षाखेरीस सामायिक परीक्षेत मुलं तिथेच. गंमत म्हणजे आमच्या स्वतःच्या युनिट टेस्टमध्ये मार्क बरे पडतात. उदाहरण देते. रेषेचा चढ. (२, ३) आणि (५, ९) हे बिंदू दिले की वर्गातली जवळपास सगळी पोरं दोन मिनिटांत उत्तर २ काढून देतात, सूत्र तोंडपाठ आहे. पण परीक्षेत आलं की टाकीत ४० लिटर पाणी आहे, दर मिनिटाला ३ लिटर गळतंय, आलेख काढला तर चढ किती आणि तो ऋण का, तिथे निम्म्या वर्गाने कागद कोरा ठेवला. एकीने लिहिलं, "बिंदू दिलेले नाहीत". मला त्या वाक्याने रात्रभर झोप नाही.

तर जाणकारांनी सांगा, तक्ता बरोबर असून चुकतंय कुठे? आणि पाया कच्चा असलेल्या मुलांचं काय करायचं, कारण पोर्शन तर संपवायचाच असतो. आगाऊ धन्यवाद.

कंपासपेटी

ताई, तुमचा तक्ता धड्याच्या नावावर जुळवलाय असं वाटतंय. "चढ" मानकातही आहे आणि पुस्तकातही आहे, केली टिक. पण मानकाचं क्रियापद काय आहे ते बघा. "काढतो" आहे की "अर्थ सांगतो" आहे? तिथेच सगळी मेख असते.

एक काम करा, तक्ता बाजूला ठेवा आणि मागच्या युनिट टेस्टचा पेपर घ्या. प्रत्येक प्रश्नापुढे दोन गोष्टी लिहा, कुठलं मानक आणि किती खोलीचा प्रश्न. खोलीसाठी नॉर्मन वेब यांच्या चार पातळ्या वापरतात, १९९७ च्या सुमाराला त्यांनी मांडल्या: आठवून सांगणं, कौशल्य-संकल्पना वापरणं, स्वतः विचार करून कारण देणं, आणि लांब चालणारं मोठं काम. एकच सावधगिरी, अवघड आणि खोल यात गल्लत करू नका. सहा आकडी संख्यांचा भागाकार अवघड असतो पण खोली पहिलीच. हे काम तिघांनी आधी वेगवेगळं करा आणि मग ताडून बघा, भांडणं होतील, ती होऊ द्या.

समभुज

@कंपासपेटी, काल बसून केलं. पेपरात २५ उपप्रश्न. १९ पहिल्या पातळीचे, ५ दुसऱ्या, आणि तिसरीचा फक्त एक. आणि तो एक "कोणतेही चार सोडवा" मध्ये होता!! म्हणजे ज्याला नको त्याने सोडून दिला, जवळजवळ सगळ्यांनी दिला. आम्हीच पळवाट ठेवली होती. तोंडात मारल्यासारखं झालं.

जुना खडू

पेपर झाला, आता वह्या बघा. टिम्स ही आंतरराष्ट्रीय चाचणी घेणारी आयईए संस्था अभ्यासक्रमाचे तीन थर मानते, कागदावर ठरवलेला, वर्गात प्रत्यक्ष शिकवलेला आणि मुलांच्या डोक्यात उतरलेला. तुमचा तक्ता म्हणजे पहिला थर. दुसरा बघायचा तर प्रत्येक तुकडीतल्या सगळ्यात नीटनेटक्या मुलाची वही उघडा आणि कुठल्या मानकाला किती पानं गेली ते मोजा. मी एकदा मोजली होती, बहुपदींना ३१ पानं आणि संभाव्यतेला दीड! नियोजनात दोन्हींना दोन-दोन आठवडे होते. शेवटी येणारा धडा कायम उरकलाच जातो, त्यामुळे क्रम बदलणं हासुद्धा जुळवणीचाच भाग धरा.

वजाबाकी

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. मानकं, खोली सगळं ठीक, पण ज्याला पाऊणचा निमपट काढता येत नाही त्याच्यासमोर खोल प्रश्न ठेवून काय होणार? अमेरिकेत शिकागोमध्ये १९९७ पासून नववीच्या सगळ्यांना बीजगणित सक्तीचं केलं. कोर्सचं नाव वर गेलं, नापास वाढले आणि चाचणीचे मार्क काही वाढले नाहीत. मानक उंच केलं आणि शिडी दिलीच नाही.

कंपासपेटी

@वजाबाकी, शिकागोची गोष्ट तिथे संपत नाही हो. २००३ मध्ये त्यांनी आठवीच्या चाचणीत मागे असलेल्या मुलांना बीजगणिताचा रोज दुप्पट वेळ दिला, शिक्षकांना त्यासाठी साहित्य आणि प्रशिक्षणही दिलं. पुढे त्या मुलांचा मागोवा घेतला तर चाचणीचे गुण, शाळा पूर्ण करणं, कॉलेजात जाणं, सगळ्यात फायदा दिसला. म्हणजे मानक खाली आणलं नाही, वेळ वाढवला.

वजाबाकी

हे मान्य. पण दुप्पट तासिका देणार कोण, आमच्याकडे पीटीचा तास मागितला तरी युद्ध होतं.

पायथागोरसची मावशी

समभुज, पायाचं मी असं करते. वर्षाच्या सुरुवातीला महिनाभर उजळणी अजिबात नाही, ती पोरं ऐकत नाहीत आणि ज्यांना येतं ती कंटाळतात. प्रत्येक घटकाआधी फक्त त्याच घटकाला लागणारं जुनं. चढाच्या आधी काय लागतं? गुणोत्तर, समरूप त्रिकोण, ऋण संख्यांची वजाबाकी. बास. चारच प्रश्नांची चिठ्ठी आधीच्या आठवड्यात सोडवून घ्यायची, कोण कुठे अडतो ते कळतं आणि दोन तास त्यावर घालवायचे.

समरूप त्रिकोण मुद्दाम म्हटलं. अमेरिकेच्या २०१० च्या कॉमन कोअर मानकांत आठवीला हेच आहे, एकाच रेषेवर कुठलेही दोन बिंदू घेतले तरी चढ तोच का येतो, ते समरूप त्रिकोणांवरून समजावणं. आपण सूत्र देतो आणि हे "का" गाळतो. मग पोरीला बिंदू दिलेच नाहीत असं वाटणारच, तिच्यासाठी चढ म्हणजे दोन बिंदूंची वजाबाकी!

आणि हे दोन तास आणायचे कुठून, तर एकाच प्रकारची २० गणितं फळ्यावर सोडवतो त्यातली १२ कमी करून. एकही मानक गळत नाही.

समभुज

मावशी, हे वाचून वही उघडली, चढाच्या सूत्रावर २६ गणितं निघाली. सव्वीस! आणि टाकीसारखं एकही नाही.

ठरवलंय असं: पुढच्या युनिट टेस्टला आधी पेपर काढायचा, मग शिकवायचं. तिसऱ्या पातळीचे निदान चार प्रश्न, आणि त्यांना विकल्प नाही. दोन घटकांआधी चिठ्ठी. विभागप्रमुख म्हणतात तक्ता झालाय ना मग परत कशाला, त्यांना तो पेपर रंगवून दाखवणार आहे, १९ पिवळे, ५ हिरवे, १ लाल.

@वजाबाकी, तासिकेचा प्रश्न आमच्याकडेही तसाच लोंबकळतोय.

आता एकच मदत करा. गळत्या टाकीऐवजी ऋण चढासाठी अजून प्रसंग सुचवा. मी तीन तुकड्यांत तोच वापरला आणि काल एक पठ्ठ्या मेणबत्तीच्या गणिताला उत्तर लिहून आला, "चढ उणे ३, कारण पाणी गळतंय".