आखूड बेडचा ट्रक आणि घोड्यांचा गूसनेक ट्रेलर: जमेल का?

खोगीरभरती
आम्ही टेक्सासात, डेंटन काउंटीत ऑब्रीजवळ राहतो. लेक पंधरा वर्षांची, रेनिंग (अमेरिकी धाटणीचा घोडेस्वारीचा खेळ) शिकते. एक क्वार्टर हॉर्स जातीची घोडी आमची, दुसरी तिच्या मैत्रिणीची. आजवर ट्रेनरच्या ट्रेलरमधून दोघी जायच्या, आता ते म्हणतात स्वतःची सोय बघा.

ट्रक घरात आहे: फोर्डचा एफ-२५० पिकअप, डिझेल, चार दारांचा, बेड (मागचा उघडा हौदा) पावणेसात फुटी. तीन घोड्यांचा, तिरप्या खणांचा गूसनेक बघून ठेवलाय, म्हणजे ज्याची लांब मान ट्रकच्या बेडमधल्या बॉलवर जोडतात तो ट्रेलर. रुंदी ७ फूट, रिकामं वजन कागदावर ६,२०० पौंड. विकणारा म्हणतो, 'शॉर्ट बेडला काही होत नाही.' शेजारचा रँचवाला म्हणतो, 'पहिल्याच वळणावर मागची काच जाईल.' नवरा दोघांनाही मान डोलावतो. खरं कुणाचं?

उसाची ट्रॉली
दोघांचंही, आणि म्हणूनच दोघांचंही ऐकू नका. टेप घ्या आणि मोजा.

गूसनेकचा बॉल बेडमध्ये मागच्या आखावर किंवा जरासा पुढे बसतो. बॉलच्या मध्यापासून कॅबच्या मागच्या काचेपर्यंतचं अंतर हा पहिला आकडा. आठ फुटी बेडला ते ऐसपैस असतं, तुमच्याकडे ४० इंचांच्या आसपास निघेल असं धरू. दुसरं म्हणजे ट्रेलरचं नाक. ७ फुटांचं निम्मं ४२ इंच. नाक चौकोनी असेल आणि बॉलच्या पुढे फूटभर आलेलं असेल, तर आठवीतल्या पायथागोरसने कोपरा बॉलपासून जवळजवळ ४४ इंचांवर येतो. काच ४० वर, कोपरा ४४ वर. साधारण ५० अंश वळलात की खळ्ळ.

तेच नाक निमुळतं असेल, कोपरे छाटलेले असतील, तर ९० अंशांपर्यंतही सुटका होऊ शकते. म्हणजे प्रश्न 'शॉर्ट बेड चालेल का' हा नाहीच, 'या ट्रेलरचं नाक कसं आहे' हा आहे. फोटो टाका.

सरळ रस्त्यावर, सिग्नलच्या वळणाला इतका कोन होत नाही. घात होतो तो रिव्हर्समध्ये, तबेल्याच्या अरुंद फाटकाशी, संध्याकाळी सगळे दमलेले असताना.

फुटकी काच
वरच्या प्रतिसादाला माझं नाव बघून अनुमोदन समजा.

आमचं सपाट जागेवर व्यवस्थित मोजलेलं होतं, चार बोटं फट राहायची. मग एका शेताच्या वाटेवर नाली ओलांडताना वळलो. ट्रकचं एक चाक खाली, ट्रेलर एका अंगाला कललेला, वरचा कोपरा पुढे झुकला आणि काचेची साबुदाण्यासारखी रास मागच्या सीटवर. तिथे मुलाची दप्तरं होती, मुलगा नव्हता, हे नशीब. तेव्हा चार बोटं पुरत नाहीत, वीतभर तरी फट ठेवा.

आणि टेलगेट! ट्रेलर जोडायला ट्रक मागे घेताना आधी टेलगेट, म्हणजे बेडचं मागचं झाकण, खाली. हे वाचून हसाल, पण गूसनेक ओढणाऱ्या दहा जणांना विचारा, त्यातले तीन गप्प बसतील.

खोगीरभरती
फोटो टाकलाय. नाक निमुळतं आहे बहुतेक? ऑफसेट बॉल मिळतो म्हणे, बॉल मागे सरकवणारा. तो लावला तर?

उसाची ट्रॉली
नाक चांगलं आहे, कोपरे बऱ्यापैकी छाटलेत. ऑफसेट हा माझ्या मते शेवटचा उपाय. बॉल आखाच्या मागे गेला की तेवढा भार पुढच्या चाकांवरून उचलला जातो, स्टिअरिंग हलकं लागतं. कप्लर (ट्रेलरच्या मानेचा बॉलवर बसणारा भाग) बदलून ट्रेलरच मागे ढकलणारेही असतात, पण त्याने ट्रेलरच्या मानेवर जादा ताण येतो. बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय करू नका.

किलोचा हिशेब
सगळे काचेमागे लागलेत, मला पेलोडची, म्हणजे ट्रक स्वतःच्या पाठीवर किती भार घेऊ शकतो याची, काळजी वाटते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळी-पांढरी पट्टी आहे, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेलं असतं. काय आहे?

खोगीरभरती
२,३४०.

किलोचा हिशेब
मग बघा. गूसनेकचं एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के ओझं थेट बेडवर येतं. रिकामा ६,२००, दोन घोड्या २,२००, खोगिरं-चारा-पाणी ४००. झाले ८,८००. वीस टक्के धरले तर १,७६०. तुम्ही तिघं ४२०, हिच (बेडमधली बॉलची जोडणी) १५०. बेरीज २,३३०. दहा पौंड शिल्लक, म्हणजे एक कुत्रा नेता येणार नाही. पंचवीस टक्के भरले तर केव्हाच पार. तिसरी घोडी तर विसराच.

डिझेल इंजिन ओढायला वाघ आहे, पण ते स्वतःच जड, त्यामुळे पाठीवर घ्यायची ताकद कमी उरते. विक्रेते 'किती ओढतो' एवढंच सांगतात. घेण्याआधी घोड्या भरून कॅट स्केलवर (ट्रक थांब्यांवरचा वजनकाटा) नेता आला तर न्या. ट्रकचे दोन्ही आख आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी मिळतात.

दोनच घोड्या असतील तर दोन खणांचा बंपर-पुल, म्हणजे ट्रकच्या मागच्या बंपरखाली जोडायचा ट्रेलर, बघायला काय हरकत? हिचवर १० ते १५ टक्केच येतात, आणि काचेचा प्रश्न आपोआप मिटतो.

फुटकी काच
हिशेब बरोबर, पण बंपर-पुलला माझा उणे एक. आय-३५ महामार्गावर शेजारून अठरा चाकी गेला की शेपूट हलते. गूसनेक त्यात फार शांत. मी दोन घोड्यांचा हलका गूसनेक शोधेन.

नालबंद
जुना ट्रेलर आहे ना? रबरी चटया उचलून खालच्या फळ्यांत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. मुताने फळी आतून कुजते, वरून कळत नाही. टायरवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष, सहा वर्षांपुढचे असतील तर नक्षी कितीही नवी दिसो, बदला.

जोडल्यावर साखळ्या, ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि लॅच लागलाय ना हे बघा, मग जॅक फिरवून ट्रेलरची मान थोडी वर उचला. ट्रकचा बेड सोबत उचलला गेला तर जोड पक्का. ओक्लाहोमात जाणार असाल तर वर्षाच्या आतला कॉगिन्स (घोड्यांच्या संसर्गजन्य अॅनिमियाच्या रक्तचाचणीचा निगेटिव्ह दाखला) आणि डॉक्टरचं आरोग्यपत्रक गाडीत ठेवा.

खोगीरभरती
सगळ्यांचे आभार. बॉलपासून काच ४१ इंच भरली. तीन घोड्यांचा नाकारला. त्याच गृहस्थांकडे दोन घोड्यांचा अॅल्युमिनियमचा आहे, रिकामा ४,३०० सांगतात, नाक त्याहून निमुळतं. शनिवारी बघायला जातोय. आधी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रक न्यायचा, मी मागे उभी राहून फट बघणार, नवरा हळूहळू वळवणार.

उसाची ट्रॉली
मागे नको, बाजूला उभ्या राहा, आरशात दिसाल अशा. रिव्हर्सला हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायला सांगा. हात जिकडे, ट्रेलर तिकडे. कारखान्याच्या यार्डात काकांनी मला हे दोन वाक्यांत शिकवलं होतं, त्यातलं एक वाक्य इथे लिहिण्यासारखं नाही.