सातबारावर 'अ.पा.क. आई': सतरा वर्षांच्या मुलाची सही का चालत नाही?

बांधकरी: दोन एकर जिरायत घ्यायचा विचार आहे. वडील वारले, जमीन त्यांची स्वकष्टार्जित. सातबारावर आई आणि मुलगा, मुलापुढे 'अ.पा.क. आई' (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे 18 पूर्ण न झालेल्या मुलाची पालक). मुलगा 17 वर्षं 4 महिन्यांचा, शेतीचा सगळा हिशेब तोच बघतो. दलाल म्हणतो, आईची सही आणि मुलाचं संमतीपत्र घेतलं की झालं. आठ महिन्यांत असं काय बदलणार आहे?

दिवाणी_कज्जे: दलालाचं ऐकू नका. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956, कलम 8: नैसर्गिक पालकाला अज्ञानाची स्थावर मिळकत कोर्टाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही. परवानगी मिळते ती गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच, आणि मुलाच्या हिश्श्याचे पैसे त्याच्या नावे गुंतवण्याची अट कोर्ट घालू शकतं.

परवानगीशिवायचं खरेदीखत आपोआप रद्द होत नाही, पण मुलगा ते रद्द करून घेऊ शकतो. मुदत सज्ञान झाल्यापासून 3 वर्षं. म्हणजे तो 21 चा होईपर्यंत तुमच्या डोक्यावर टांगती तलवार. ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तर असंही म्हटलंय, की दावा न लावता नुसत्या कृतीनेही, उदा. तीच जमीन दुसऱ्याला विकून, तो जुना व्यवहार नाकारू शकतो.

संमतीपत्र म्हणाल तर रद्दी. अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिशकाळातलं सर्वोच्च अपील कोर्ट) 1903 मध्येच मोहरीबीबी खटल्यात ठरवलं. अज्ञान मालकाची कलकत्त्यातली घरं 20,000 रुपयांना गहाण घेणारा सावकार हात चोळत बसला.

फेरफार: 'हिशेब तोच बघतो' हा मुद्दा कोर्टात चालत नाही, आणि ते खरेदीदाराच्याही सोयीचं आहे. वय ही रेघ नसती, तर मुलगा त्या दिवशी पुरेसा शहाणा होता हे तुम्हाला दहा वर्षांनी साक्षीदार आणून सिद्ध करावं लागलं असतं. जन्मदाखला मात्र वाद घालत नाही. शिवाय कोर्टाची परवानगी नुसत्या परक्यांपासून वाचवायला नाही. घरातलंच कर्ज मुलाच्या हिश्श्यातून फेडलं जाणं, हा धोका कितीतरी जास्त.

बांधकरी: आणि वडिलोपार्जित असती तर?

दिवाणी_कज्जे: एकत्र कुटुंबाची मिळकत कर्ता (कुटुंबप्रमुख) विकत असेल तर कलम 8 लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये सांगितलंय. तिथे कर्त्याला कुटुंबाची गरज दाखवावी लागते. तुमच्याकडे वडिलांची स्वतःची जमीन वारसांत गेलीय, तो रस्ता नाही.

फेरफार: थांबणं स्वस्त पडेल. कोर्टातला अर्ज, तारखा धरल्या तर आठ महिने तिथेच जातील. अठरावा वाढदिवस उजाडला की त्याच दिवसापासून तो सज्ञान. मग ई-हक्क या ऑनलाइन पोर्टलवर अ.पा.क. शेरा कमी करण्याचा अर्ज, सोबत जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. तलाठी फेरफार (बदलाची नोंद) घेतील, 15 दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतील. नवा सातबारा हातात आल्यावर खरेदीखतावर आई आणि मुलगा दोघांच्या सह्या.

तोवर वारसनोंदीचा फेरफार काढून एखादी बहीण किंवा आजी वगळली गेली नाही ना, हे बघा. तिथेच जास्त व्यवहार अडकतात. आणि मोठा विसार आत्ता देऊ नका. आईने केलेल्या साठेखताने (विक्रीच्या आधीच्या कराराने) मुलाचा हिस्सा बांधला जात नाही. दिला असेल तर पावती कोणाच्या सहीची आहे ते सांगा.