विषय: पानगळ, भाजणीचा वास आणि मऊ पडणाऱ्या चकल्या

प्रेषक: फराळ समिती, एडिंबरा

नमस्कार मंडळी,
पानं पिवळी पडली, शरद आला, की आपल्या ई-मेल यादीवर दरवर्षी एकच सूर लागतो: घरची दिवाळी, आजीचा सोऱ्या, भाजणीचा वास. यंदा नुसत्या आठवणी न काढता भाजणी इथेच करायचं ठरलंय. अडचणी दोन. धुतलेलं धान्य इथल्या दमट हवेत दोन दोन दिवस वाळत नाही, आणि विजेच्या शेगडीवर तळलेली चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते. पुण्यातल्या जाणत्यांनी प्रमाण सांगावं, चुकाही सांगाव्यात.

प्रेषक: कोथरूडच्या काकू

मंडळी, आधी एक दुरुस्ती. पानगळीला शरद म्हणू नका. पुण्यात आत्ता झाडं हिरवीगार आहेत, आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. आपला शरद म्हणजे पाऊस सरल्यावरचं लख्ख ऊन, ज्याला सगळे ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. सकाळी सुती पंचावर पसरलेली डाळ संध्याकाळी खडखडीत. भाजणीची सगळी कृती या उन्हाच्या भरवशावर बेतलेली आहे, तिकडे ती अडते ती इथेच.

प्रमाण: तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी, जाडे पोहे अर्धी, धणे पाव वाटी, जिरे २ मोठे चमचे. तांदूळ जुना, सुटा होणारा घ्या. सुशीचा चिकट तांदूळ अजिबात नको, पीठ चिवट होतं.

तांदूळ आणि डाळी भिजवायच्या नाहीत, नुसत्या धुऊन लगेच उपसायच्या. पंचाने टिपून ट्रेमध्ये एकेरी थर पसरा, ओव्हन ६०–७० अंशांवर, दार बोटभर उघडं, दोन-तीन तास. डाळ दाताखाली कट्‌कन तुटली पाहिजे. आत ओल राहिली तर वरून भाजल्यासारखी दिसते आणि दळताना पात्यांना चिकटते. एवढंही नको असेल तर न धुता ओल्या फडक्याने पुसून घ्या, चालतं.

भाजायचं प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत. एकत्र टाकलं तर उडीद जळतो आणि हरभरा डाळ कच्चीच राहते. तांदूळ हलका होऊन फुलेपर्यंत, डाळी गुलाबीसर होईपर्यंत, पोहे नुसते कुरकुरीत. धणे-जिरे शेवटी, गॅस बंद करून त्याच तापल्या कढईत. ज्या वासासाठी जीव कासावीस होतो ना, तो बहुतेक या शेवटच्या दोन मिनिटांचा. विकतच्या पाकिटात तो सापडत नाही, कारण दळल्यावर काही आठवड्यांत उडून जातो. नुसता वासच हवा असेल तर वाटीभर धान्य भाजा आणि त्याचं थालीपीठ लावा. चकलीचा घाट घालायलाच हवा असं नाही!

पूर्ण गार झाल्यावरच दळा. मिक्सर असेल तर थोडं थोडं, आणि बारीक चाळणीने चाळा. पीठ रवाळ राहिलं की चकली सोऱ्यातून तुटत पडते.

उकड: जितकी भाजणी तितकंच पाणी. उकळत्या पाण्यात दर वाटीला एक मोठा चमचा तेल, शिवाय तिखट, मीठ, तीळ, ओवा, हिंग. भाजणी घालून ढवळा, झाकण ठेवून तासभर विसरा. मग लागेल तसा पाण्याचा हात लावून थोडं थोडं मळा, काटा मळण्यावर येतो. मोहन, म्हणजे हे तेल, जास्त झालं तर चकली तेलात फसकते, कमी झालं तर दगड.

प्रेषक: रविवार पेठेतून

काकूंनी सोऱ्या सोडला म्हणून लिहितो. पितळी सोऱ्या पुण्यात बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत मिळतो. घेताना चकतीच्या चांदणीवर बोट फिरवा, आत खरखरीत कड राहिली असेल तर काटे फाटतात. पीठ दाबून भरा. पोकळी राहिली तर हवा फटकन सुटते आणि चकली मध्येच तुटते. शेवटचं टोक वेढ्याला चिकटवा, नाहीतर तेलात उलगडते.

विजेच्या शेगडीचं: तेल १७०–१८० अंश, एका घाण्यात चारच. जास्त टाकल्या की तेल निवतं आणि शेगडी ते लवकर भरून काढत नाही, म्हणून चकली तेल पिते. मऊ पडण्याचं कारण मात्र उलटं, आच मोठी. बाहेरून रंग येतो, आत पाणी राहतं. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत काढू नका. कोमट असताना डब्यात भरल्या तरी तेच.

प्रेषक: फराळ समिती, एडिंबरा

आभार. भाजणी नेमकी कधी करावी? आणि हॉलमधला स्मोक अलार्म फार हळवा आहे.

प्रेषक: कोथरूडच्या काकू

कोजागिरी ते वसुबारस हातात बारा दिवस असतात. पहिल्या चार दिवसांत भाजून दळा, चकल्या वसुबारसेच्या आदल्या दिवशी. अलार्मचं म्हणाल तर मंद आचेवर डाळ-तांदूळ धूर करत नाहीत. वाजलाच तर समजा धणे जळले. तेवढे टाकून नवे घ्या, बाकीची भाजणी वाचेल.