मदत हवी आहे: डायनिंग टेबल काढून भिंतीला दुमडणारं टेबल लावावं का?

हॉल १०×१६ फूट, टेबल ५×३. रोज जेवायला चौघं; सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून चटईचा पर्याय सुचवू नका. टेबल भिंतीला सरकवून पाहिलं, पण समोर सोफा असल्याने खुर्ची मागे ओढली की जेमतेम दीड फूट वाट उरते. गरम कुकर घेऊन तिथून जाणं धोक्याचंच.

आता बिजागऱ्यांवरचं ४×२ फुटी टेबल, उंची ३० इंच, असा विचार आहे. खरी अडचण भिंतीची: ४ इंची एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे). कडेला कोपर टेकलं की वरचे स्क्रू बाहेर खेचले जातात, साधे प्लास्टिकचे प्लग सैल होतात. मागे बेडरूम आहे. आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी द्यावी, की जमिनीला टेकणारा दुमडता पाय पुरेल?