अनुभव धागा : 'द ज्युएल इन द क्राउन' पुन्हा पाहताना काय दिसले?

ग्रॅनाडा टेलिव्हिजनची 'द ज्युएल इन द क्राउन' ही चौदा भागांची मालिका ब्रिटनमध्ये जानेवारी ते एप्रिल १९८४ या काळात दाखवली गेली. पॉल स्कॉट यांच्या 'राज क्वार्टेट' या चार कादंबऱ्यांवर ती आधारलेली आहे. केन टेलर यांची पटकथा आणि ख्रिस्तोफर मोराहान व जिम ओब्रायन यांचे दिग्दर्शन लाभलेली ही मालिका मायापूर, पानकोट, मिरत अशा काल्पनिक ठिकाणांच्या आधाराने १९४२च्या ऑगस्टपासून १९४७च्या ऑगस्टपर्यंतचा काळ उभा करते. अलीकडे तिच्या डीव्हीडींचा संच हाती आला आणि ती सलग पाहून झाली. गोष्ट आपल्या देशाची आहे, परंतु ती प्रामुख्याने येथे राहिलेल्या इंग्रजांच्या नजरेतून सांगितली आहे. त्यामुळे ती पाहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात घरात ऐकलेला बेचाळीसचा इतिहासही शेजारी चालू राहतो. ज्यांनी ही मालिका पूर्वी पाहिली आणि नंतर कॅसेटवर किंवा डिस्कवर पुन्हा पाहिली, त्यांनी दुसऱ्या वेळी काय दिसले ते सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. कथेचा शेवट येथे उघड होणार, हे गृहीत धरूनच वाचावे.

सुरुवात मीच करते. या खेपेस माझे लक्ष एका चित्रावर खिळून राहिले. मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या एडविना क्रेन बाईंजवळ व्हिक्टोरिया राणीचे एक चित्र आहे. राणी सिंहासनावर बसली आहे, भोवती तिची हिंदी प्रजा आहे आणि तिच्या मुकुटातले रत्न म्हणजे हिंदुस्थान, असा त्याचा अर्थ मुलांना शिकवला जातो. त्याच चित्राची एक प्रत बार्बी बॅचलर या निवृत्त मिशनरी बाईंकडे असते आणि पुढे ती रोनाल्ड मेरिक या पोलीस अधिकाऱ्याच्या हाती जाते. म्हणजे भाबड्या श्रद्धेने जपलेली वस्तू अखेरीस सत्तेच्या सर्वांत क्रूर माणसाकडे पोहोचते. आठवड्याला एक भाग पाहताना हा धागा हातातून निसटतो. डिस्क मागे नेऊन तेच दृश्य पुन्हा पाहता आले तेव्हाच तो मला अखंड दिसला.

लेस्टर, इंग्लंड

मी १९८४ साली लग्न होऊन नुकतीच येथे आले होते आणि ही मालिका प्रथम प्रक्षेपणातच पाहिली. त्या हिवाळ्यात कारखान्यातल्या इंग्रज सहकारी स्त्रिया मला मधल्या सुट्टीत थांबवून विचारत, "तुमच्याकडे खरोखर असे होते का?" मला तेव्हा इंग्रजीत धड उत्तर देता येत नसे, पण माझ्या देशाबद्दल कोणी आस्थेने विचारते आहे, एवढ्यानेही बरे वाटे. तेव्हा माझे सारे लक्ष डॅफ्ने मॅनर्स ही इंग्रज तरुणी आणि तिचा हिंदी प्रियकर हरी कुमार यांच्यावर होते, कारण आम्ही नवराबायको दोघेही त्यांच्याच वयाचे होतो.

आता मुलीने डीव्हीडी आणून दिल्या आणि मी पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांची बार्बी पाहत राहिले. या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटनचा मानाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला होता, हे ठाऊक होते, तरी त्या भूमिकेचा आवाका मला आज कळला. आयुष्यभर मिशनच्या शाळांत शिकवलेली ही बाई म्हातारपणी मेबल लेटन यांच्या घरी आश्रयाला येते. मेबल गेल्यावर तिला त्या घरातून बाहेर काढले जाते. मेबलला रानपूरला पतीशेजारी विसावायचे होते, हे बार्बी जीव तोडून सांगते. परंतु सून मिल्ड्रेड तिचे ऐकत नाही आणि मेबलला पानकोटलाच पुरले जाते. बार्बी वाईट वागत नाही, खोटे बोलत नाही. तिला कुळाचे आणि पलटणीचे पाठबळ नाही, एवढाच तिचा अपराध. सामानाच्या पेटीसह उतारावरून निघालेला टांगा उलटतो आणि त्यानंतर ती रुग्णालयात जवळजवळ मुकी होऊन राहते. तिच्या खिडकीतून दूरवर पारशांच्या दख्म्यावर, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्यावर, घिरट्या घालणारी गिधाडे दिसतात. परक्या देशात एकट्या पडलेल्या वृद्ध स्त्रिया मी येथे आमच्याही समाजात पाहिल्या आहेत, त्यांच्यासाठी डबे पोहोचवले आहेत. बार्बीचे बडबडणे आणि मग गप्प होणे मला त्यांच्यामुळे समजले.

न्यू जर्सी, अमेरिका

येथे ही मालिका पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर 'मास्टरपीस थिएटर'मध्ये १९८४च्या डिसेंबरपासून दाखवली गेली. प्रत्येक भागाआधी अ‍ॅलिस्टर कुक पार्श्वभूमी समजावून सांगत. आम्ही ती अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीच्या कॅसेटवर उतरवून घेतली आणि सुट्टीत सांगलीला आईवडिलांना दाखवण्यासाठी नेली. पण तेथील पाल पद्धतीच्या व्हीसीआरवर चित्र काही केल्या स्थिर होईना. वडिलांना ती पाहायची फार इच्छा होती. ते आता नाहीत. डिस्कवर पाहताना प्रत्येक न्यूजरीलच्या दृश्यावर ते काय म्हणाले असते, हे मनात येत राहिले.

नागपूर

मायापूरच्या बिबीघर बागेतल्या प्रसंगाविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण दुसऱ्यांदा पाहताना मला त्याच्यापुढे जाता येईना. डॅफ्नेवर अंधारात काही अनोळखी माणसे बलात्कार करतात. मेरिक त्याच रात्री हरीला आणि काही तरुणांना पकडतो. पुरावा उभा राहत नाही, तेव्हा त्यांना भारत संरक्षण नियमांखाली खटल्याविना डांबले जाते. मालिका हा अन्याय लपवत नाही. हरीचा कोठडीतला छळ, डॅफ्नेने त्याला घातलेली मौनाची शपथ आणि त्याने ती पाळणे, हे सारे अत्यंत गांभीर्याने दाखवले आहे. तरीही १९४२ म्हणजे एका इंग्रज स्त्रीवर झालेला अत्याचार, हीच प्रतिमा पाहणाऱ्याच्या मनात कायमची ठसते. सलमान रश्दी यांनी १९८४ मध्येच या बाबीवर कठोर टीका केली होती. ब्रिटिश आणि हिंदुस्थान यांच्या नात्यासाठी बलात्काराचे रूपक वापरायचेच असेल, तर ते उलट दिशेने वापरायला हवे होते, असा त्यांचा मुद्दा होता.

आमच्या भागात हा मुद्दा रूपकाचा राहत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीबार झाला, संतप्त जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले आणि त्यानंतर गावात लष्कर व पोलीस शिरले. गावातील स्त्रियांनी आपल्यावर अत्याचार झाल्याचे सांगितले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे अनुयायी प्रा. भणसाळी यांनी दोन महिन्यांहून अधिक काळ उपोषण केले. सरकारचा भर मात्र जमावाला शिक्षा करण्यावर होता आणि चिमूर-आष्टी प्रकरणात अनेकांना फाशीची शिक्षा फर्मावली गेली. त्यांतील काहींचे प्राण वाचवण्यासाठी काँग्रेसच्या कार्यकर्त्या अनसूयाबाई काळे यांनी केलेली धडपड आमच्या घरी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. त्यामुळे मायापूरच्या क्लबातले इंग्रज डॅफ्नेसाठी संतापाने पेटून उठतात, तेव्हा मला त्यांच्या संतापात खोटे काही दिसत नाही, पण चिमूरच्या स्त्रियांसाठी असा एकही क्लब पेटला नाही, हे विसरताही येत नाही. आजी ते भाग पाहायला असती तर तिने प्रथम हाच प्रश्न विचारला असता, याची मला खात्री आहे.

एवढे लिहूनही ही मालिका मला मोलाची वाटते. लेडी चटर्जींच्या भूमिकेतील झोहरा सेहगल यांना पाहा. त्यांना वेळ थोडा मिळाला आहे, पण आपल्या घरात राहणाऱ्या डॅफ्नेवर ओढवलेले संकट आणि आपल्याच माणसांचा चाललेला छळ, या दोन्हींच्या मध्ये उभी असलेली स्त्री त्या केवळ नजरेतून दाखवतात.

मुंबई

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवले आणि आता निवृत्त आहे. आमच्या वस्तीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटचा आवाज इतका अस्पष्ट होता की अर्धे संवाद अंदाजाने समजून घ्यावे लागत. आता डिस्कवर आवाज स्वच्छ आहे, उपशीर्षके आहेत, आणि त्यामुळे मला प्रथमच प्रत्येक पात्राचे उच्चार ऐकू आले. या कथेत ते फार महत्त्वाचे आहेत.

आर्ट मलिक यांनी उभा केलेला हरी हा 'हॅरी कूमर' या नावाने चिलिंगबरो या बड्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे इंग्लंडातल्या श्रीमंतांच्या खासगी शाळेत, शिकलेला आहे. वडिलांचे दिवाळे निघाले, त्यांनी जीव दिला, आणि हा मुलगा ज्याला धड हिंदीही येत नाही, तो मायापूरला शालिनी आत्याच्या घरी येऊन पडला. त्याचे इंग्रजी उच्चभ्रू इंग्रजाचे आहे. मेरिक साध्या घरातला, ग्रामर स्कूलचा विद्यार्थी. त्याने आपले उच्चार कष्टाने घडवले आहेत आणि ते कष्ट टिम पिगॉट-स्मिथ यांच्या प्रत्येक शब्दात जाणवतात. गोऱ्या माणसाने जे धडपडून मिळवले ते या काळ्या मुलाला सहज मिळालेले आहे, हे मेरिकला असह्य होते. हरीचा शाळेतला जिवलग मित्र लष्करी गणवेशात मायापूरला येतो आणि मैदानावर त्याला ओळखतही नाही, तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला.

तुरुंगातली चौकशी हा तर मालिकेचा कळस आहे. गव्हर्नरचे अधिकारी कॅप्टन रोवन प्रश्न विचारत आहेत, डॅफ्नेच्या काकू लेडी मॅनर्स हरीच्या नकळत ऐकत आहेत, आणि हरी शांतपणे, शुद्ध भाषेत आपल्या छळाची हकिकत सांगतो आहे. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो आणि दिग्दर्शकाला दुसरे काही दाखवण्याची घाई नाही. असा संयम मी दूरचित्रवाणीवर फार क्वचित पाहिला.

नाशिक

मुंबईच्या सरांनी मेरिकविषयी लिहिले आहे ते पटते, पण त्यात एक भर घालावीशी वाटते. खलनायक हा खालच्या वर्गातून आलेला दाखवला की बाकीचे सभ्य इंग्रज आपोआप निर्दोष ठरतात, असा आक्षेप घेता येतो आणि पहिल्या काही भागांपुरता तो खराही वाटतो. सगळे भाग एकापाठोपाठ पाहिले की चित्र बदलते. मेरिकचे वर्तन वरिष्ठांना कळलेले असते, रोवनसमोर तर ते शब्दशः नोंदवले जाते, आणि तरीही त्याला बढती मिळत जाते. अखेरीस त्याचा खून होतो तेव्हा तोही अपघात म्हणून दडपला जातो, कारण राज्य सोडून जाताना कोणालाही ती फाईल उघडायची नसते. सभ्य माणसांनी मेरिकला वापरून घेतले आणि त्याच्याशेजारी बसून जेवण्याची मात्र त्यांना लाज वाटली. पिगॉट-स्मिथ २०१७ मध्ये निवर्तले; या एका भूमिकेसाठीही मी त्यांना कायम आठवेन.

अहमदनगर

माझा अनुभव लहानसा आहे. महंमद अली कासिम या काँग्रेसच्या माजी मुख्यमंत्र्यांना ऑगस्ट १९४२ मध्ये गव्हर्नर बोलावून घेतात, पक्ष सोडण्याचे आमिष दाखवतात, ते नकार देतात आणि त्यांची रवानगी किल्ल्यात होते. झिया मोहिउद्दीन यांनी हे पात्र कमालीच्या सभ्यतेने रंगवले आहे. आमच्या गावच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सदस्य त्याच ऑगस्टपासून स्थानबद्ध होते आणि नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तेथेच लिहिले. शाळेच्या सहलीत ती खोली पाहिलेली असल्यामुळे कासिमांचा नकार मला काल्पनिक वाटला नाही. त्यांना आणखी एक पूर्ण भाग द्यायला हवा होता, असे मात्र प्रकर्षाने वाटते.

बेंगळुरू

मालिकेचे बाह्य चित्रीकरण उदयपूर, म्हैसूर, सिमला आणि काश्मीर येथे झाले, तर बहुतेक अंतर्भाग मँचेस्टरमध्ये उभारले होते. सोळा मिलिमीटर फिल्मचे दाणे मोठ्या पडद्यावर दिसतात. काहींना ते खटकेल. मला त्यामुळे मधूनमधून येणारी जुनी कृष्णधवल दृश्ये कथेशी एकजीव झालेली वाटली. जॉर्ज फेंटन यांचे संगीत चांगल्या स्पीकरवर जरूर ऐकावे.

ठाणे

शेवटच्या भागातील आगगाडीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. ऑगस्ट १९४७. मिरतहून निघालेल्या गाडीच्या एका डब्यात मिल्ड्रेडची मुलगी सारा लेटन, तिची बहीण सुसान आणि काही इंग्रज मंडळी आहेत. त्यांच्याबरोबर कासिमांचा मुलगा अहमद आहे. हल्लेखोर गाडी थांबवतात आणि त्यांना केवळ अहमद हवा असतो. तो आपण होऊन दार उघडून उतरतो, आणि आतले सगळे वाचतात.

मी हा भाग प्रथम पाहिला तेव्हा मला अहमदचे धैर्य दिसले. या खेपेस मी आतल्या माणसांकडे पाहत होतो. त्यांच्यापैकी कोणी दुष्ट नाही. साराला तर अहमदविषयी खरा जिव्हाळा आहे आणि जेराल्डीन जेम्स यांनी तो आधीच्या भागांत फार हळुवारपणे उभा केला आहे. तरीही दार पुन्हा बंद होते आणि गाडी पुढे जाते. आपण काहीच केले नाही, हे सारा स्वतःच बोलून दाखवते. राज्य कसे संपले, याविषयी इंग्रजांनी स्वतःबद्दल केलेले इतके स्पष्ट विधान माझ्या पाहण्यात दुसरे नाही. नागपूरच्या ताईंचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि तो या प्रसंगानेही खोडला जात नाही. परंतु लेखकाने आपल्या माणसांना त्या डब्यात बसवून ठेवले, त्यांना तेथून सुटू दिले नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ज्यांनी पहिले तीन-चार भाग पाहून मालिका सोडून दिली असेल, त्यांनी निदान हा भाग आणि तुरुंगातील चौकशीचा भाग अवश्य पाहावा आणि येथे लिहावे.