अनुभव धागा: पेट्रोल, किराणा आणि विजेची गाडी – नागपूरकरांनो, तुमचा हिशेब लिहा

नागपुरात पेट्रोलने २०२१ मध्ये शंभरी ओलांडली. मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क उतरवलं, जुलैत राज्याने व्हॅट कमी केला, तरी भाव काही शंभराच्या आत आला नाही. विजेच्या गाडीच्या शोरूममध्ये गेलं की हल्ली एकच ऐकायला मिळतं: 'एका रुपयात एक किलोमीटर'. त्या एका रुपयाची उलटतपासणी करायला हा धागा. कोणती कंपनी चांगली हा वाद इथे नको, त्याला यूट्यूब आहे. घरचं वीज बिल, पार्किंग, किराणा, धंद्याचं भाडं यात खरोखर काय बदललं ते लिहा. गाडी नसेल तरी लिहा, महागाई काही गाडी बघून घरात शिरत नाही. सुरुवात मीच करते.

त्रिमूर्ती नगर, स्वतंत्र घर

छोटी विजेची हॅचबॅक घेतली. रात्री १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर लावते. एका युनिटमध्ये सातेक किलोमीटर जाते, मे महिन्यात एसी लावून त्याहून कमी. आता दर बघा. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांचं असतं: शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी चढा. आपल्या उन्हाळ्यात दोन कूलर आणि एक एसी चालणारं घर तीनशेला आधीच टेकलेलं असतं. म्हणजे गाडीचं जवळपास प्रत्येक युनिट वरच्या महाग टप्प्यातलं. वर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे, आणि वीज शुल्क. उन्हाळ्यात मला किलोमीटरला दोन रुपयांच्या वरच पडलं. जुन्या पेट्रोल गाडीला सातच्या आसपास लागायचे, तेव्हा फायदा आहेच. पण एक रुपया म्हणणाऱ्याने माझं मे महिन्याचं बिल बघावं.

मग छतावर सोलर बसवलं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. ऊन बरं असलं तर दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज होते, आणि नेट मीटरमुळे दिवसा दिलेली वीज रात्रीच्या चार्जिंगमधून वळती होते. आता गाडीचा खर्च जाणवत नाही. हे जमलं ते छत आमचं आहे म्हणून, आणि वरचे पैसे घालायची ऐपत होती म्हणून. ज्याला पेट्रोल सगळ्यात जास्त टोचतं त्याच्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. (सासूबाईंची वाळवणं घालायची जागा गेली, ती तक्रार घरात चालूच आहे.)

टॅक्सीवाला, वर्धा रोड

मी २०१७ पासून पाहून राहिलो ताई. इलेक्ट्रिक टॅक्सीचा मोठा प्रयोग इथंच सुरू झाला होता, मंत्री-मुख्यमंत्री आले होते. मीबी चालवली. एका चार्जमंदी शंभर-सव्वाशे किलोमीटरची गाडी, त्यात गिऱ्हाईक म्हणे एसी वाढव. चार्जरवर लाइन. लाइनीत उभं राहिलं तं भाडं जाते, नाही राहिलं तं गाडीच उभी राहते. वर्षभरात कित्येक पोट्टे म्हणू लागले, आमची डिझेलच बरी होती.

मंग सीएनजी घेतली. तं २०२२ मंदी नागपुरात सीएनजी १२० रुपये किलो! देशात सगळ्यात महाग म्हणून टीव्हीवर आलो आपण. काहून? तं आपल्याकडे पाइपलाइन नव्हती, गॅस टँकरनं येत होता. टँकरच्या डिझेलचे पैसेबी आपणच देऊन राहिलो होतो. आता परत इलेक्ट्रिक पाहून राहिलो. सेल्सवाला रेंज सांगते, मी म्हणतो मे महिन्यात दुपारी दोन वाजता चार माणसं बसवून चालवून दाखव, मंग सही करतो.

पोह्यांचा ठेला, सदर

ठेला बाबांचा, लिहितोय मी. २०२३ च्या जुलैत टमाटर शंभरच्या पार गेले तेव्हा आम्ही वरून टाकणं बंद केलं, लोकांनी हसून सोडून दिलं. तेलाचं तसं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढलं आणि डबा एकदम चढला. पोह्यांवर घालायच्या झणझणीत तर्रीवर तेलाचा तवंग कमी दिसला की माणूस बोलत नाही, दुसऱ्या दिवशी समोरच्या ठेल्यावर दिसतो. प्लेटचा भाव वाढवायलाही तेवढीच भीती. मधला मार्ग म्हणजे चमचा छोटा केला. बाबांना ते अजून पटलेलं नाही.

कळमन्याच्या बाजारातून कांदे-बटाटे आणणारा ऑटोवाला डिझेल वाढलं की भाडं वाढवायचा. त्यानं आता इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकी घेतली. भाडं उतरलं का? छे. म्हणतो हप्ता कोण भरेल. पण निदान वाढवलेलं नाही.

कळमेश्वर, कोंबडीपालन

इथे सगळे पंप आणि प्लगवर बोलताहेत, म्हणून अंड्याबद्दल लिहितो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि इथेनॉल बनवणाऱ्या डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मकाच असतो. २०२४ मध्ये मक्याचा भाव इतका चढला की एरवी निर्यात करणाऱ्या आपल्या देशाने मका बाहेरून आणला. तुमच्या टाकीत जाणारा मका आणि माझ्या शेडमधला मका एकाच बाजारात लिलावाला येतो. खाद्य महागलं की मी पक्षी कमी टाकतो, मग अंडं महागतं. मक्याच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळाले याचं वाईट वाटत नाही, माझा भाऊच मका लावतो. पण पेट्रोलचा भाव काही त्यामुळे उतरला नाही. माझी बोलेरो डिझेलवर आहे आणि राहील. पिंजऱ्यांची ने-आण करायला विजेची गाडी परवडेल अशी अजून दिसली नाही.

प्रताप नगर, नोकरी पुण्यात

समृद्धीवर विजेची गाडी नेणाऱ्यांसाठी एवढंच: १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० ने जाऊ नका. त्या वेगाला कंपनीची रेंज विसरा. नव्वदने गेलात तर बरीच परत मिळते. चार्जर कुठे आहेत ते निघण्याआधी बघा आणि तो बंद असेल असं धरूनच दुसरा हेरून ठेवा. बाहेरचा फास्ट चार्जर घरच्यापेक्षा बराच महाग पडतो. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात विजेच्या गाड्यांना समृद्धीवर टोलमाफी आहे, पूर्ण ७०१ किलोमीटरला कारचे १,४४५ रुपये वाचतात. माझ्या फास्टॅगमधून मात्र ते कापले गेले. मेसेज जपून ठेवा, तक्रार करताना लागतात.

सेवानिवृत्त, हिंगणा रोड

गाडी घेतलीच नाही. लोकमान्य नगरहून मेट्रोनं सीताबर्डी. सायकल डब्यात नेऊ देतात, तिथून भाजी घेऊन परत. सिलेंडर आणि तूरडाळ मेट्रोनं स्वस्त होत नाही, तेवढं सोडून बरं चाललंय.

मनीष नगर, चौथा मजला

वरचं सगळं वाचलं. त्रिमूर्ती नगरच्या ताईंचं छत आणि प्लग दोन्ही स्वतःचे. आमचं पार्किंग तळघरात, मीटर पॅनेल दुसऱ्या टोकाला. स्वतःच्या मीटरवरून स्वतःच्या खर्चाने वायर ओढतो म्हटलं तरी सोसायटी परवानगी देत नाही. 'आग लागली तर?' हा एकच प्रश्न. त्याच तळघरात पेट्रोलच्या टाक्या भरलेल्या गाड्या रांगेने उभ्या असतात, त्याबद्दल कुणी विचारत नाही. कुणाच्या सोसायटीने चार्जिंगचा ठराव मंजूर केला असेल तर त्याचा मसुदा इथे टाकाल का? आणि वायरिंग कोणाकडून तपासून घेतलं, तेही. आमच्या सेक्रेटरींना सगळं लेखी लागतं आणि सभा पुढच्या रविवारी आहे.